च्वानचौला अनवाणी

परभणी सोडली तेव्हाच मी थकलेली होते. बॅग मात्र यादीप्रमाणे भरली होती: पासपोर्ट, गोळ्या, प्लग, राजगिऱ्याचे लाडू. ताडकळसच्या आमच्या बचतगटाला सॅनिटरी पॅड बनवणारं यंत्र घ्यायचं होतं. ते चीनमधल्या च्वानचौ या बंदराच्या शहरात तयार होतं, आणि चालवून बघायचं काम माझ्याकडे आलं. अडचण एकच होती. चाचणीचा दिवस नेमका नरसिंह जयंतीचा निघाला.

आमचं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह. जयंतीला दिवसभर उपास, आणि सूर्य मावळताना देव जन्मतो तेव्हा घरातल्या एका बाईनं तिथं हजर असायचं. तिनं दर्शन घेतलं की मगच घरातल्या बायकांनी उपास सोडायचा. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईंनी हे कधी चुकवलं नाही. यंदा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणजे पाळी माझी. नवरा म्हणाला, मी जातो. सासूबाई म्हणाल्या, "बाप्या जाऊन चालत न्हाई." मग भिंतीकडे तोंड करून मला म्हणाल्या, "जा बाई. तुझं मशीन मोठं. मी उपास सोडणार न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

त्यांना शुगरच्या गोळ्या चालू आहेत. उपाशी पोटी किती वेळ काढतील, हा घोर घेऊनच मी विमानात बसले.

दोन विमानं बदलून शियामेनला उतरले आणि पुढं मोटारीनं च्वानचौ. पहिलं दर्शन साधंच: दमट हवा, उंच इमारती, स्कूटरांचे थवे, जिकडेतिकडे बुटांची दुकानं. इथले कारखाने जगभर बूट पाठवतात. जुन्या भागात मात्र लाल विटांची, टोकं वर वळलेल्या छपरांची घरं आहेत, आणि केसांत फुलांची गोल वेणी माळून फिरणाऱ्या बायका. आपल्या लग्नघरातल्या बायका रस्त्यावर आल्यासारखं वाटलं.

यंत्राच्या कंपनीनं दिलेली माझी दुभाषी लिन, तिशीतली, हिंदी बोलणारी. ती गाडीतून दाखवत गेली. एके काळी हे फार मोठं बंदर होतं. अरब व्यापारी याला झैतून म्हणत, त्यांची दगडी मशीद अजून उभी आहे. तमिळ व्यापारीही यायचे, त्यांनी इथं देऊळ बांधलं होतं. पुढं खाडी गाळानं भरली, जहाजं दुसरीकडे गेली, देऊळ पडलं.

"और भगवान?" मी विचारलं.

तिनं माझ्या मोबाइलवरच्या पोखर्णीच्या देवाच्या फोटोवर बोट ठेवलं. "दीदी, ये शेरवाला? ये तो हमारे मंदिर में है!"

माझा विश्वास बसला नाही. यंत्र विकणारी माणसं काहीही बोलतात. तरी जयंतीला मावळतीच्या आत तिथं जाऊन बघायचं ठरवलं.

जयंतीच्या दिवशी चाचणी लांबली. कापूस मध्येच अडकत होता. तो नीट सरकेपर्यंत दुपार उलटून गेली. उपाशी पोटी, दुखऱ्या गुडघ्यांनी मी लिनच्या मागं धावत त्या बौद्ध मंदिरात पोचले तेव्हा दारं लावायची वेळ झाली होती. उंबऱ्याशी चपला काढल्या आणि वडाच्या झाडांखालून आत पळाले.

मुख्य दालनाच्या मागच्या बाजूला काळसर दगडाचे दोन खांब आहेत. पडलेल्या देवळातले. बौद्धांनी दुरुस्तीच्या वेळी उचलून इथं लावले. एका खांबावर ताटाएवढ्या वर्तुळात तो होता: सिंहाचं तोंड, मांडीवर आडवा राक्षस, पोटात खुपसलेली नखं. मला रडू आलं, ते भक्तीनं की थकव्यानं, सांगता येणार नाही. हात जोडेपर्यंत रखवालदारानं शिट्टी मारली आणि आम्हाला बाजूच्या दारानं बाहेर काढलं.

रस्त्यावर आल्यावर लिन माझ्या पायांकडे बघतच राहिली. "दीदी, जूते?"

"दरवाज़े पे निकाले."

"यहाँ कोई नहीं निकालता!"

मोठं दार बंद झालं होतं. उद्या या, असं रखवालदार खुणेनं म्हणाला. उद्या पहाटे मला निघायचं होतं. बुटांच्या शहरात मी अनवाणी फुटपाथवर बसले. लिननं हुआशेंग-थांग (शेंगदाण्याचं गोड सार) आणून दिलं, ते तसंच हातात धरलं. सूर्य मावळला तसा घरी सासूबाईंना फोन लावला.

"आत्याबाई, इथं दिवस मावळला."

"मावळला? हितं तर ऊन पोळायलंय." आवाज बारीक झाला होता. "देव बघितलास का?"

"बघितला. खांबावर आहे, मांडीवर राक्षस घेऊन. पण आता, जन्माच्या वेळेला, मी आत नाही. दार लावलं. बाहेर रस्त्यावर बसलेय. चपलासुद्धा आतच राहिल्या."

पलीकडे त्या हसल्या. "अगं, पोखर्णीला तरी मी कवा आत असते? गर्दी लय. भाईर पारावर बसते अन् हात जोडते."

"कधी बोलला नाहीत."

"तू कवा आलीस संगं? तुला सदा कामं. चपला गेल्या ते बरंच झालं, पीडा गेली. खा आता."

"आणि तुम्ही?"

"हितं मावळू दे की. तिथून हितं यायला देवाला येळ लागंल का न्हाई? मावळलं की खाते."

सार कोमट झालं होतं. मी वाटी चाटूनपुसून संपवली. नंतर लिननं पहिल्या दुकानातून मला नारिंगी बूट घेऊन दिले. माझ्या मापात तेवढेच होते.

यंत्र आता ताडकळसला बसलंय. बंदर गेलं, देऊळ गेलं, तरी परक्यांनी तो देव आपल्या छपराखाली ठेवला, हे प्रवासात मला सगळ्यात मोलाचं वाटलं. प्लास्टर निघाल्यावर सासूबाईंना घेऊन मी पोखर्णीला गेले. त्या पारावर टेकल्या. मी बूट काढून बाजूला ठेवले.

"हिकडं दे ते, चोरीला जातील," त्या म्हणाल्या.

"जाऊ द्या की. पीडा जाईल."

"नव्यात कसली पीडा?" म्हणत त्यांनी बूट पदराखाली घेतले. माझ्या त्या दिवसाच्या यादीत अजून तीन कामं बाकी होती. मी त्यांच्या शेजारी बसले.