बारा वेळा गाळा

चेनमावशीचं दुकान म्हणजे एक शटर, एक खुर्ची आणि एक पडदा. भर चौकातल्या बारा गाळ्यांपैकी सातवा गाळा तिचा. सत्तावीस वर्षं ती तिथे बसून बॅगांच्या, जॅकेटांच्या आणि मुख्यतः पँटींच्या चेनी दुरुस्त करत आली होती. गिऱ्हाईक यायचं ते पिशवी पुढे धरून, तिरकं तिरकं चालत. मावशी मान वर न करता म्हणायची, "पडद्यामागे जा, पँट बाहेर द्या." पक्कड, नवा रनर, वरून थोडं मेण, की माणूस छाती पुढे काढून बाहेर. गावातल्या निम्म्या प्रतिष्ठितांची अब्रू तिने अशी वाचवली होती आणि त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

अशा बाईच्या डोक्यावर नगरपालिकेने सहा मजली पार्किंग आणून ठेवलं. चौकात नकाशा लागला. वर गाड्याच गाड्या, तळमजल्याला रस्त्याकडून नुसती भिंत. दुकानदारांना मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर जागा. मावशी तिथे सगळ्यांसमोर हसली, पण घरी आल्यावर तिने ताट तसंच बाजूला सारलं. हा गाळा गेला तर आपण कोण, ही भीती तिला झोपू देईना.

सुनावणीला सभागृह तुडुंब. मावशी हत्यारांची पेटी घेऊनच आली, नाहीतर हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नसे.

"पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक चौकाला वळसा घालून जातं!" कापडवाला गरजला.

"आणि भिंत बघायला कोण येणार? तुझी मेहुणी?" फुलवालीने विचारलं.

मग मावशी उठली. "गाड्या वर जाऊ देत, माझं काही म्हणणं नाही. पण दुकानं खाली हवीत. चेन तुटलेला माणूस तीन जिने चढेल कसा? नावं मी घेत नाही. या सभागृहातसुद्धा अनुभवी मंडळी आहेत."

पहिल्या रांगेतल्या तिघांनी चटकन मांडीवर फाइल घेतली. सभागृहात हशा फुटला.

नकाशा काढणारा नगरपालिकेचा तरुण इंजिनिअर लालबुंद झाला. "दुकानं काढायची कल्पना माझी नाही! मोठ्या साहेबांची लेखी सूचना आहे." त्याने पेन्सिलीने काढलेला मूळ नकाशा फडकवला. "हे बघा, तळमजल्यावर बारा चौकोन. प्रत्येकात साहेबांच्या अक्षरात लिहिलंय, 'गाळा'. एकदा नाही, बारा वेळा! मग मी गाळले."



"अरे लेकरा," मावशी म्हणाली, "मी बसते कशात? गाळ्यातच ना!"

अध्यक्षांच्या खुर्चीतले मोठे साहेब आधी कपाळाला हात लावून बसले, मग खांदे हलायला लागले आणि मग ते असे खदखदून हसले की टेबलावरचा पाण्याचा ग्लास आडवा झाला. कापडवाल्याने फुलवालीला टाळी दिली. पार्किंग वर, बारा दुकानं खाली, ठराव हसता हसता मंजूर झाला. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसण्याचं की सुटकेचं, हे बघायला तिला सवड नव्हती.

लोक पांगले. साहेब मात्र खुर्चीतून उठेनात. मूळ नकाशा मांडीवर पसरून ते अवघडून बसले होते.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "जरा जास्तच हसलो. पेटी आणलीय ना?"

मावशीने आधी खिडकीचा पडदा ओढला, मग पक्कड काढली.

"आता सांगा साहेब," ती म्हणाली, "चढला असता तीन जिने?"