टिटवीचं गाणं

पेरणीआधी शेतात पालापाचोळा पसरून भाजलेल्या राबाचा वास आला, की मला पोलादपूरच्या डोंगरातल्या कुडपणमधली एक दुपार आठवते. एका कार्टूनपटाची गाणी मी लिहीत होते आणि तिथली माझी मैत्रीण चाली बांधत होती. गोष्ट टिटवीची होती. शेतात राब पेटलाय, आग जवळ येतेय आणि ती अंड्यांवरून उठत नाही. सकाळीच मुंबईहून दिग्दर्शकाचा फोन आला होता, "संध्याकाळपर्यंत गाणं जमलं नाही, तर तिथे नुसतं संगीत टाकू." मी आईच्या दुःखाचं लांबलचक कडवं लिहिलं होतं. मैत्रिणीने ते पेटीवर गाऊन पाहिलं आणि भाता मिटला. "ही रडत नाय गो," ती म्हणाली. "ही बसून राह्यलेय. एवढं बोलायला तिला दम कुठं हाय?" मला राग आला, पण मी कडवं खोडलं आणि एकच ओळ ठेवली, 'मी उठणार नाही.' आता चाल त्या ओळीला मोठी पडू लागली. "तुझ्या ताना कापाव्या लागतील," मी म्हटलं. त्या तिच्या फार लाडक्या होत्या. तिने भाता पुन्हा उघडला आणि एकेक करून सगळ्या काढून टाकल्या. उरली फक्त ती ओळ, दर वेळी एका सुराने वर चढणारी. फोनवर ऐकून दिग्दर्शक म्हणाला, "आता चित्रंच या गाण्यावर काढू." पुढे आम्ही दोघींनी बरीच गाणी केली. आधी शब्द की आधी चाल, असं लोक अजूनही विचारतात. आम्ही सांगतो, आधी टिटवी.