आत्याने ओढून पाहिलेली युकुलेली

मुलांनो, आज सुतार खुर्ची सांधायला आला आणि सरसाच्या वासाने घर भरलं, म्हणून हे लिहिते.

लहानपणी सोलापूरला शाळेतल्या बाईंची युकुलेली, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, पाहून मी तशीच घरी बनवत होते. फळ्या जोडायला कातड्यापासून केलेला सरस मी माळकरी आत्याच्या आमटीच्या पातेल्यात उकळला. फळ्या चिकटून वाळल्या, तारा लावल्या, पातेलं मात्र घासायचं राहिलं; तेवढ्यात आत्या आली. आता युकुलेली चुलीत जाणार, म्हणून मी ती पाठीमागे लपवली.

“बाटवलंस की गं माजं पातेलं!” आत्या ओरडली. मग हात पुढे केला. “दे हिकडं. चिकटलं तरी का?” तिने फळी ओढून पाहिली. “लई घट्ट हाय. वाजीव बगू.”

मी तारा छेडल्या. आत्याने त्या सरसाला हात लावला, हे मात्र आज जाणवतं.

युकुलेली माझ्यापाशी आहे. दोन तारा तुटल्यात, सांधे शाबूत आहेत.