बू यूसुफांच्या काडतुसांचा उस्ताद

चहा ओता, सांगतो. पण एक अट आहे, हे गावी कुणाला कळवायचं नाही. गावात मी अजून 'कुवेतमधल्या शेखचा बंदुकीचा सल्लागार' म्हणून ओळखला जातो आणि ते तसंच राहिलेलं बरं. खरी भानगड कळली तर सुट्टीत घरचा पंखासुद्धा मला कुणी दुरुस्त करू देणार नाही.

मी एसी मेकॅनिक. मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, राहायला कुवेतमध्ये, अबू हलीफाला. खोलीत माझ्यासोबत रत्नागिरीचा मुश्ताक, तो कापडाच्या दुकानात सेल्समन. आमच्या कंपनीकडे एका नेमबाजी क्लबच्या एसींचं कॉन्ट्रॅक्ट आहे, त्यामुळे मला तिथे सारखं जावं लागतं. एकदा मागच्या बाजूच्या एका खोलीतला फिल्टर साफ करायला गेलो आणि तिथेच माझी दशा फिरली.

त्या खोलीत टेबलापाशी एक वयस्क कुवेती गृहस्थ बसले होते. बू यूसुफ. म्हणजे यूसुफचे वडील, तिकडे अशीच हाक मारतात. तेलकंपनीतून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगा मोठा डॉक्टर. आता या माणसाला एकच नाद, रिव्हॉल्व्हरचा. बरं, दुकानात मिळणारी काडतुसं चालत नाहीत, स्वतःची स्वतः बनवायची. क्लबच्या परवान्यावर, क्लबच्या खोलीत, सगळं कुलपाआड. उडवलेल्या काडतुसाची रिकामी नळी साफ करायची, बुडाशी ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. दारू म्हणजे बंदुकीची हो, दुसरी कुवेतमध्ये मिळत नाही.

एवढं झालं की बाहेर मैदानावर जाऊन पाच गोळ्या झाडायच्या. मग कागदावर फिंजान उपडं ठेवायचं. फिंजान म्हणजे अरबी कॉफीचा तो बिनकानाचा इवलासा पेला. पाचही भोकं त्याच्याखाली झाकली गेली तर काडतूस पास. एक जरी बाहेर राहिलं तर परत टेबलाशी. हिवाळ्यात ते दक्षिण आफ्रिकेला शिकारीला जाणार होते, तिथे रीतसर परवान्यावर हरीण मारता येतं. त्यांचा नियम कडक होता. जी गोळी फिंजानाखाली बसत नाही ती जनावरावर झाडायची नाही, नुसतं जखमी होऊन पळालं तर पाप लागतं. मला माणूस आवडला.

आणि आवडला म्हणून मी तोंड उघडलं. तिथेच चुकलं.

मी शिडीवरून त्यांना सांगितलं, आमच्या घरीही बंदूक हातानेच भरतात. आता हे खोटं नाही. आमच्या बाबल काकांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. नळीत दारू ओतायची, वरून छरे, मग गजाने ठासायचं. हातानेच की नाही? फक्त मी हे सांगितलं नाही, की त्या बंदुकीला मी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. काकांबरोबर एकदा रानडुकराच्या पाळतीला गेलो होतो, माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं आणि मी झोपलो. बाकी निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, तेवढाच तिचा प्रवास.

बू यूसुफ खुर्चीवरून उठले. मला शिडीवरून खाली उतरवलं, हात मिळवला, खजूर पुढे केले. त्या दिवसापासून मी 'उस्ताद'. ते मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायचे, मी तुम्हाला मराठी करून सांगतोय. आता मला सांगा, आयुष्यभर ज्याला लोकांनी 'ए एसीवाला' म्हणून हाक मारली त्याला कुणी उस्ताद म्हटलं, तर तो नाही म्हणेल का? मी तरी म्हटलं नाही.

उस्ताद झालो म्हटल्यावर काहीतरी उस्तादी दाखवायला हवी. पाहिलं तर बू यूसुफांच्या कपाळावर घाम. म्हटलं, साहेबांना एवढं नाजूक काम घामात करायला लागतं आणि आपण एसीवाले? मी ग्रिलची पाती वळवली आणि सगळी हवा थेट टेबलावर सोडली. ते खूश. मीही खूश.

पुढच्या वेळी गेलो तर त्यांचा चेहरा पडलेला. आजवर फिंजानाखाली बसणाऱ्या गोळ्या आता ताटाखालीही बसत नव्हत्या. एक वर, एक खाली, एक कागदाच्या कोपऱ्यात. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, उस्ताद, काय वाटतं?

आता आमच्या कोकणात काहीही बिघडलं की पहिला संशय ओलीवर. पापड मऊ पडले, ओल. काडेपेटी पेटत नाही, ओल. काकांचा बार फुसका गेला आणि डुक्कर आरामात निघून गेलं, तर ओलच. मी कागद उजेडाकडे धरला आणि गंभीरपणे म्हणालो, दारूला ओल लागलीय.

कुवेतमध्ये. जिथे धुतलेली पँट मुश्ताकची सिगरेट संपायच्या आत वाळते. पण बू यूसुफांनी मान डोलावली. मी लगेच उपायही केला, ब्लोअरचा स्पीड वाढवला. ओल लागलीच असेल तर हवेने वाळेल, इतकं साधं शास्त्र.

गोळ्या आणखी पसरल्या. मग त्यांनी दारूचा ब्रँड बदलला, टोप्या बदलल्या, गोळ्या दुसऱ्या आणल्या. बदल केला की मला विचारायचे, मी 'ओल' म्हणायचो आणि स्पीड चढवायचो. शेवटी त्या टेबलावर इतका वारा होता की बू यूसुफ डोक्यावरचा रुमाल मानेशी गाठ मारून बसायचे. बरं, माणूस सावध, दारू मुळातच हातचं राखून घालायचे, म्हणून भलतं काही झालं नाही. नाहीतर हा किस्सा सांगायला मी इथे बसलो नसतो.

खोलीवर येऊन मी मुश्ताकला रोजचा अहवाल द्यायचो. तो म्हणायचा, "पक्या, तू बॅटरी धरून झोपलेला माणूस, तुला कशाला रे ही उठाठेव?" मला वाटायचं, जळतो.

मग यूसुफ मध्ये पडला. डॉक्टरच तो. वडिलांना काडतूस भरताना पाहिलं आणि म्हणाला, बाबा, दारूत काही नाही, तुमचा हात थरथरतोय. आता वय झालं. बू यूसुफांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, या आठवड्यात एकदा शेवटचं भरून बघतो. पाच गोळ्या फिंजानाखाली बसल्या तर आफ्रिकेला जाईन. नाही बसल्या तर तिकीट रद्द आणि रिव्हॉल्व्हर क्लबात जमा, कायमचं.

मला खरंच वाईट वाटलं. त्यांनी कॉफी सोडली. कुवेती माणसाने कॉफी सोडणं म्हणजे काय, ते तुम्हीच समजून घ्या. मी गावाहून आलेलं कोकमाचं आगळ बाटलीत भरून नेलं, म्हटलं अंगातली उष्णता जाईल, हात स्थिर होईल. ते त्यांनी डोळे मिटून प्यायलं. उस्तादाचं औषध ना.

शेवटच्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं होतं. म्हटलं, आज काही कमी पडू द्यायचं नाही. सकाळीच जाऊन कॉइल धुतली, फिल्टर नवा घातला. इतका सुंदर एसी मी आयुष्यात चालवलेला नाही. दुपारी बाप-लेक आले. बू यूसुफ रुमाल बांधून बसले आणि दारू तोलायला लागले. त्यांचा तराजू जुना, पितळी, दांडीवाला. दांडी स्थिर झाली की वजन बरोबर, आणि वजन बरोबर तरच गोळी जागेवर. पण दांडी स्थिर होईना. ते चिमटीने दारूचा कण टाकायचे, दांडी खाली. कण काढायचे, दांडी वर. यूसुफ खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी बू यूसुफांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, असू द्या साहेब, वय कुणाला चुकलंय.

आणि लाइट गेली.

उन्हाळ्यात हल्ली तिकडेही जाते. क्लबचा जनरेटर मैदानापुरता, या खोलीला नाही. ब्लोअर हळूहळू थांबला. खोलीत शांतता पसरली. बू यूसुफांनी खिडकीच्या उजेडात तराजूकडे पाहिलं. दांडी हलायची थांबली. त्यांनी कण टाकला, दांडी झुकली आणि तिथेच राहिली. दुसरा टाकला, राहिली. त्यांनी हात पुढे धरून बघितला. हात जागच्या जागी. यूसुफ खिडकीपासून टेबलाशी आला.

तेवढ्यात लाइट आली. माझा धुतलेला, पुसलेला, टॉप स्पीडवरचा एसी सुरू झाला आणि तराजूची दांडी नाचायला लागली. तिघांनी मिळून दांडीकडे पाहिलं. मग दोघांनी वर ग्रिलकडे पाहिलं. मी वर पाहिलं नाही, मला ती पाती कुणी वळवली ते माहीत होतं.

यूसुफने इंग्रजीत विचारलं, हा एसी कोण बघतो? मी म्हटलं, उस्ताद बघतो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बू यूसुफांनी एसी बंद करायला सांगितला. बाहेर अंग भाजतंय आणि आत बंद खोली. त्या भट्टीत त्यांनी एकेक काडतूस भरलं. घाम हनुवटीवरून टपकत होता, पण दांडी हलली नाही. मी कोपऱ्यात उभा राहून हिशेब करत होतो, की यांचा एक फोन आमच्या कंपनीला गेला तर मी पुढच्या विमानाने गावी, आणि गावात काय सांगायचं? गेले कित्येक दिवस हा माणूस आपण म्हातारे झालो असं समजून बसला होता, कॉफीविना. आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून वयाचं सांत्वन करत होतो. मला माझीच लाज वाटली, अगदी सरळ सांगतो.

मैदानावर बू यूसुफांनी पाच गोळ्या झाडल्या. यूसुफला जागेवरून हलू दिलं नाही, मला म्हणाले, उस्ताद, कागद तू आण. मी गेलो, कागद सोडवला आणि दोन्ही हातांत धरून त्यांच्यासमोर उभा राहिलो. बघायची हिंमत नव्हती. त्यांनी खिशातून फिंजान काढलं आणि कागदावर उपडं धरलं. एकही भोक बाहेर नाही. यूसुफने वडिलांना मिठी मारली. आफ्रिका पक्की.

मला वाटलं, सुटलो. पण बू यूसुफांचं लक्ष कागदावरून हलेना. ते फिंजान परत परत टेकवत होते आणि ते सारखं सरकत होतं. शेवटी म्हणाले, "अजून थरथरतोय हात."

मी घाईघाईने म्हणालो, "नाही हो साहेब, तुमचा हात एकदम स्थिर आहे. मी शपथेवर सांगतो."

"माझा नाही, उस्ताद," ते म्हणाले. "तुझा."

आणि मैदानावर तर एसीसुद्धा नव्हता.