शंभरावं माणूस

साफारोवा, मोहिरा. वय एकावन्न. पद : ग्रामीण आरोग्यसेविका, ओसिनोव्का उपकेंद्र. मूळ देश : ताजिकिस्तान. सेवेची वर्षे : चौदा. वर्तणूक : समाधानकारक. लाभार्थींची संख्या शंभरापेक्षा कमी झाल्याच्या कारणास्तव सदर उपकेंद्र बंद करण्यात येत असून सदर कर्मचाऱ्याची सेवा समाप्त करण्यात येत आहे.

आदेशात एवढंच आहे. शंभराचे नव्याण्णव कसे झाले, ते लिहायला रकाना नव्हता.

मोहिरा हे नाव ओसिनोव्का या रशियन खेड्यातल्या म्हाताऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात निकालात काढलं आणि तिची माशा केली. रस्ता बरा असला तर रुग्णवाहिका यायला दोन तास लागत. रस्ता बरा नसे. म्हणून हिवाळ्यात रोज सकाळी आठला मोहिरा टेकाडावर चढून धुराडी बघायची. उणे तीसमध्ये धूर नाही म्हणजे आत माणूस उठलेलं नाही, आणि उठलेलं नाही म्हणजे आपण जायचं. अशी तिनं चौदा वर्षांत पाच माणसं वेळेवर गाठली. उशिरा गाठलेली ती मोजत नसे.

त्या जानेवारीत जिल्ह्याचा माणूस गुरुवारी डोकी मोजायला येणार होता. शंभर भरली तर उपकेंद्र राहणार. भरत होती बरोबर शंभर. लोक एकमेकांच्या तब्येतीची इतक्या आस्थेनं चौकशी करू लागले, की म्हाताऱ्यांना संशयच यावा.

बुधवारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या पेलागेयाच्या धुराड्यातून धूर निघत होता. भरपूर निघत होता, आणि मोहिराला तेच खटकलं. पेलागेया लाकूड जपून जाळायची. आठपर्यंत तिचा धूर दोऱ्याएवढा उरायचा.

दार उघडलं ते शेजारच्या कपितोलिनानं. हात काजळीनं भरलेले.

"पेलागेयामावशी कुठंयत?"

"झोपलीय."

मागे भिंतीवरच्या आरशावर चादर टाकलेली होती. मोहिरानं ती पाहिली. घरात माणूस गेलं की इथं आरसे झाकत.

"कधी गेल्या?"

"काल दुपारी. सूप पिता पिता. मी आणि माझ्या अर्कादीनं थंड पडवीत ठेवलीय. उशी दिलीय हो, नीट ठेवलीय." कपितोलिना खाली बघत म्हणाली, "धूर दिसला की तू यायचीच नव्हतीस, माशा. म्हणून तर चूल पेटवली. तो मोजून गेला की शुक्रवारी विझवणार होते. मग तू आली असतीस, आणि तुला खोटं लिहावं लागलं नसतं."

मोहिरा पडवीत जाऊन आली. उशी खरंच होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "दाखला शुक्रवारचाच लिहिते."

कपितोलिना बोटं मोजू लागली. "म्हणजे नववा दिवस शुक्रवारपासून? आणि चाळिसावा? अगं बये, चाळिसाव्याला तिचा निवाडा व्हायचा, आणि आम्ही जेवणं मांडणार तीन दिवसांनी? ती तिथं एकटी उभी, तिच्यासाठी देवाकडे मागायला कोणी नाही!"

"तुम्ही घरी मंगळवार धरा. कागदावर शुक्रवार."

"तिची पोरगी तिकडं लांब मुर्मान्स्कला. ती कागदावरूनच मोजणार. क्रूसावरही तेच कोरणार."

"मावशी, हे चूल पेटवायच्या आधी सुचायला हवं होतं."

"सुचलं असतं तर पेटवली असती का! डोकं सगळं त्या शंभरात गेलं माझं."

"मंगळवार लिहिला तर उपकेंद्र जाईल."

"जाईल. तुझी नोकरीपण जाईल. कळतं मला." तिनं डोळे पुसले, काजळी गालभर झाली. "तुमच्यात असतो का गं चाळिसावा?"

"असतो."

"कधीपासून मोजता?"

"माणूस गेल्या दिवसापासून," मोहिरा म्हणाली आणि वही काढली. पेनातली शाई गोठली होती. कपितोलिनानं पेन काखेत धरून गरम केलं. मंगळवार, दुपार. मग दोघींनी पाणी तापवून पेलागेयाला आंघोळ घातली. ती इतकी ताठली होती, की झग्याची पाठ उसवून तो अंगावर चढवावा लागला.

गुरुवारी जिल्ह्याचा माणूस आला, नव्याण्णव मोजून, चहा पिऊन गेला. भला माणूस होता. "आणखी एक असतं तर," असं तो दोनदा म्हणाला.

एक मार्चला उपकेंद्राची पाटी काढून नेली. दोन मार्चला, मोहिराच्या स्वयंपाकघरात मोजलेला कपितोलिनाचा रक्तदाब एकशे नव्वदावर एकशे दहा होता.