पंच्याचे दुसरे टोक

हा मजकूर लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा वाटले ते हेच, की वाचणाऱ्याला आपण विनाकारण अडवून ठेवतो आहोत. मी लेखिका नाही. मुले शाळेत जाऊ लागल्यावर सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले, चाळिशीत जीवशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा दिली, मग प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. लिहिणे त्याहूनही उशिरा सुचले. या धिटाईबद्दल आधीच क्षमा मागते, आणि मिळण्यापूर्वीच गेलेल्या एका नोकरीविषयी सांगते.

नोकरी आमच्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात होती. मुलाखतीत एक धडा शिकवून दाखवायचा होता, तोही मराठीतून. मी डीएनएच्या पिळाचा धडा निवडला, कारण तो मला पुस्तकाआधी ठाऊक होता. सोनाळ्याला माहेरी गोधड्या धुतल्या की आई एक टोक धरी आणि मी दुसरे. दोघी उलट दिशांनी पिळत गेलो, की एका क्षणी कापडात आणखी पीळ मावेनासा होई, आणि गोधडी मधोमध वाकून स्वतःभोवतीच वेटोळे घाली.

डीएनएचेही असेच आहे. त्याचे दोन धागे मुळातच एकमेकांभोवती गुंफलेले असतात. त्या गुंफणीत पीळ वाढला किंवा घटला, की आलेला ताण सामावून घेण्यासाठी रेणू स्वतःवरच वेटोळतो. अट एकच, दोन्ही टोके पक्की धरलेली हवीत. पेशीत ती धरलेली असतात, कारण या लांबलचक रेणूचे फास प्रथिनांनी ठिकठिकाणी बांधलेले असतात. वेटोळ्यांमुळे तो थोड्या जागेत मावायला मदत होते, त्याचे दूरचे भाग जवळ येतात. आणि कोणते जनुक वाचले जाईल, हेही काही अंशी पिळावर ठरते. पीळ थोडा सैल असेल तिथे दोन धागे सहज विलग होतात आणि वाचन सुरू होऊ शकते. वाचणारे प्रथिन पुढे सरकते तसा त्याच्या पुढ्यात पीळ घट्ट होतो आणि मागे सैल पडतो. पुढचा पीळ वेळेवर सुटला नाही, तर वाचन अडते.

हे सगळे दाखवायला मी घरून एक सुती पंचा नेला होता.

निवड समितीचे अध्यक्ष पुण्याहून आलेले होते. सर्वांत कडेला बसलेले सदस्य जळगाव जामोदचे, माझ्या सासरच्या गावचे, त्याच महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे. ओळखीचा म्हणावा असा चेहरा तो एकच, म्हणून मी संकोचत त्यांनाच पंच्याचे दुसरे टोक धरण्याची विनंती केली. ते उठले आणि त्यांनी ते धरले. मी पिळत गेले. पंचा ताठ झाला, मग मध्यावर वाकून त्याने छान वेटोळे घातले. तोपर्यंत माझी भाषा मी रात्रभर घोकलेली, स्वच्छ होती. वेटोळे पडलेले पाहून आनंदात तोंडून निघून गेले, ‘‘पाहा, आता हा पीय सुटत नाही.’’

आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, केळीची केयी, पिळाचा पीय.

अध्यक्षांनी मान वर केली. ‘‘काय सुटत नाही म्हणालात?’’

मी उत्तर द्यायच्या आत जळगावचे सदस्य म्हणाले, ‘‘पिण्याचं म्हणताहेत सर. चहा मागवू का?’’

सगळे हसले. तेही हसले, आणि हसताना त्यांनी टोक सोडले. पंचा गरगर उलगडत माझ्या हाताखाली लोंबत राहिला. टोक सुटले की पीळ जातो, हे धड्यातले पुढचे वाक्य होते. ते मी बोलू शकले नाही. अध्यक्ष सौजन्याने म्हणाले, ‘‘विषयाची तयारी चांगली आहे. उच्चारांकडे मात्र लक्ष द्या.’’

बाहेर व्हरांड्यात ते सदस्य माझ्यामागून आले.

‘‘काऊन ताई, इतक्या घाबरून गेल्या? धडा त मस्त चालू होता.’’

‘‘तुम्हाले समजलं नव्हतं का मी काय म्हटलं ते?’’

‘‘समजलं ना. माही माय बी पीयच म्हणते.’’

‘‘मंग?’’

‘‘मी सांगतलं असतं त त्यायनं इचारलं असतं, तुमाले कसं समजलं? मले बी त त्याच खोलीत बसा लागते, ताई.’’ मग आवाज बदलून, शुद्ध भाषेत, ‘‘मनावर घेऊ नका,’’ म्हणाले आणि आत गेले.

जागा दुसऱ्याला मिळाली. त्या उमेदवाराविषयी माझी तक्रार नाही; त्यांना मी शिकवताना ऐकलेले नाही. पुढच्या सत्रात मला तिथेच तासिका तत्त्वावर बोलावले गेले. जितके तास शिकवाल तितके मानधन, सुट्टीचे काही नाही. धडा तोच. नियमित प्राध्यापकांना तो किचकट वाटतो, म्हणून माझ्याकडे आला. वर्गात जानेफळच्या एका मुलीने विचारले, ‘‘मॅडम, समोरचा पीय मंग काढते कोण?’’ मी सांगितले, त्यासाठी वेगळी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, असतात. ती धागा कापतात, पीळ जाऊ देतात आणि धागा पुन्हा जोडतात. तिने वहीत लिहून घेतले. वर्गात कोणी हसले नाही. स्टाफरूममध्ये मात्र माझे नाव पडले होते, ‘चहावाल्या मॅडम’. ते कोणी ठेवले, हे मी विचारले नाही.

आता ती जागा पुन्हा निघाली आहे. माझ्या वयाला याहून पुढची संधी बहुधा नाही. जळगावचे ते सदस्य आता विभागप्रमुख आहेत. परवा त्यांनी मला खोलीत बोलावून अगदी आपुलकीने सांगितले, ‘‘या खेपेस समितीत विभागप्रमुख म्हणून मी आहे, ताई, काळजी करू नका. आता मराठीची अट नाही, फक्त इंग्रजीतून शिकवा. आणि ते धुण्याबिण्याचं काही आणू नका.’’ त्यांना माझे भले करायचे आहे, हे मला दिसत होते, आणि तेच मला सहन झाले नाही. मी मान हलवली. होकार होता की नकार, ते माझे मलाच कळले नाही.

घरी कोणाला विचारावे, तर सगळे म्हणतील, मुलाखतीला जा. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही माझ्या जागी असता, तर गेला असता का?