टॉवेलाखालचं स्पॅनिश

दुष्काळाच्या साली राहात्यात एक स्पॅनिश पाद्री आले. त्यांना गाय हवी होती आणि मला त्यांच्याकडे दुभाष्याची नोकरी. महिनाभर मी भाव करायचे शब्द घोकले: ‘कुआंतो’ म्हणजे केवढ्याला, ‘कारो’ म्हणजे महाग.

बाजारात दलालानं पाद्र्यांचा हात टॉवेलाखाली घेतला. आमच्याकडे जनावराचा भाव असाच, बोटं दाबून ठरतो. हे ठाऊक असूनही मी विद्वत्तेच्या भरात ओरडलो, “कुआंतो? कारो!”

दलाल खेकसला, “मास्तर, गप ऱ्हावा की! भाव काय दवंडी पिटून करत्यात व्हय?”

पाद्र्यांनी शांतपणे बोटं दाबली. दलाल हसला. सौदा झाला.

नोकरी हुकली, पण काम मिळालं. गाय मीच हाकत नेली. उरलेलं स्पॅनिश तिनं वाटेत निमूट ऐकून घेतलं.